‘तर’ आणि ‘तरच’

वकिलीच्या प्रवेशपरीक्षेच्या शिकवणीत सरांनी कोडं घातलं, “पाऊस थांबला तरच मिरवणूक निघेल. पाऊस थांबला. निघाली का?” “निघाली!” वर्ग ओरडला. “फसलात लेको! ‘तरच’ ही अट, वचन नव्हे,” सर खदखदून हसले. मागच्या बाकावरच्या ओडेसाच्या मुठीत पेन्सिल कडकन मोडली. तिच्या तुरुंगातल्या धाकट्या भावाला, टेरेलला, मुदतीआधी सुटका ठरवणाऱ्या पॅरोल मंडळाने सांगितलं होतं, राग आवरण्याचं शिबिर पूर्ण केलंस तरच सुटशील. पठ्ठ्याने केलं. तरी सोडलं नाही. “आम्ही ‘तरच’ म्हणालो होतो, बाई,” अध्यक्षही असेच हसले होते. संध्याकाळी तुरुंगातून टेरेलचा फोन आला. ओडेसा कडाडली, “एका ‘च’नं गळा कापला रे मेल्यांनी! बघतेच एकेकाला!” “ताई, दहापर्यंत मोज,” तो शांतपणे म्हणाला, “शिबिरात शिकवलंय.” तिने दातओठ खात मोजलं, राग तसूभरही ओसरला नाही. तिने मोडक्या पेन्सिलीच्या दोन्ही तुकड्यांना टोक काढलं आणि प्रवेशपरीक्षेचं पुस्तक उघडलं.