सरांच्या हातातला खडू

घनश्याम सर रात्री झाडीपट्टीच्या नाटकांत खलनायक, दिवसा लाखनीच्या कॉलेजात जीवशास्त्राचे शिक्षक. टाळ्या दोन्हीकडे पडायच्या. "मेंदूच्या पेशीतला पंप सोडियम बाहेर फेकतो," त्या दिवशी वर्गात सर म्हणाले. "रक्त थांबलं की पंप बंद. सोडियम आत, मागोमाग पाणी, पेशी फुगते..." खडू पडला. उजवा हात लोंबला, तोंड वाकडं झालं. "वन्समोअर!" मागचा बाक ओरडला. धडा आपल्याच डोक्यात सुरू झाल्याचं फक्त सरांना कळलं. 'दवाखाना' म्हणायला गेले, निघालं भलतंच. वर्गात टाळ्या. पहिल्या बाकावरची दीपमाला उठली. "सर, हासून दाखवा बरं." अर्धाच चेहरा हसला. "अबे, सर नाटक नाही करून राहिले! पंप बंद पडून राहिला, गाडी काढा!" दुसऱ्या दिवशी दवाखान्यात तिनं तोच खडू सरांच्या उजव्या हातात दिला. बऱ्याच वेळानं एक बोट हललं. "वन्समोअर, सर," ती म्हणाली.