काचेचं तोंड

साहेब, तुम्ही शिडी चढलातच नाहीत. गच्चीवरचं सौर पॅनल तपासायला आलात, खाली सावलीत उभे राहिलात, चहा ढोसलात आणि अहवालात लिहून मोकळे झालात, 'पातळ थर ऊन शोषत नाही.'

त्या एका ओळीनं पंडितचं आख्खं वर्ष खाल्लं.

थर त्याचा होता. सिलिकॉनचा, केसापेक्षा कितीतरी पातळ. एवढ्या पातळ थरातून ऊन आरपार निघून जातं. म्हणून प्रयोगशाळेत त्यानं थराखालची काचच खरबरीत केली. आत आलेलं ऊन तिरपं वळावं, थरातच घुटमळावं, बाहेरची वाट त्याला सापडू नये. पहिलं पॅनल त्यानं हट्टानं आपल्याच गावी आणलं, वालूरच्या पुढं. येलदरी धरणावरची वीज तिथं पाहुण्यासारखी यायची आणि पाणी प्यायच्या आत जायची. दवाखान्याच्या गच्चीवर त्यानं पॅनल दक्षिणेकडं तोंड करून बसवलं. त्यावर लसींचा फ्रिज चालणार होता.

उन्हाळ्यात चालला. हिवाळ्यात गार होईना. तुमची ओळ आली. पंडितनं काच आणखी खरबरीत केली, नवं पॅनल पाठवलं. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा तेच.

त्याच हिवाळ्यात त्याच्या बहिणीचं, पंचफुलाचं पोरगं तापलं. ताप उतरला आणि उजवा पाय लुळा पडला. पोलिओ. डोस सगळे पाजलेले. त्याच फ्रिजातले.

आपल्या थरापायी भाच्याचा पाय गेला, असं मनाशी धरून पंडित गावी आला. शिडी चढला.

पॅनल उत्तरेकडं तोंड करून उभं होतं. हिवाळ्यातल्या सूर्याकडं पाठ.

"तुमी गेलात अन् आबासाहेबांनी सांगाडाच फिरवून घेतला," खालून नर्स सुमनबाई म्हणाल्या. "दक्षिण यमाची दिशा म्हणले. नवं बी त्याच सांगाड्यावर बसवलं. मी सायबाला सांगितलं व्हतं की. ते म्हणले, बाई, तुमी सुया टोचा."

पंडित तसाच सरपंच आबासाहेबांच्या ओट्यापुढं जाऊन उभा राहिला. मागोमाग पंचफुला आली, पोराला कडेवर घेऊन.

"आबासाहेब, हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो. यमाच्या नावानं तुम्ही..."

आबासाहेब हसले. "यमाचं बायामाणसांला सांगायला, रं. गच्चीवरून दक्षिणेला काय दिसतंय? तुमची वस्ती. विद्यापीठाला नाव तुमचं पाह्यजे, अन् गावच्या काचेचं तोंड बी तुमच्याकडंच पाह्यजे?"

ओट्यावरची माणसं खिदळली.

थरात खोट नव्हती. पंडितला ते आता कळलं. दोन वर्षं तो उन्हाला आत कोंडायला बघत होता, आणि ऊन इथं दारातूनच हाकलून दिलेलं होतं. पण हे कळून पोराचा पाय उठणार नव्हता. तो खाली मान घालून वळला.

पंचफुला हलली नाही. ओरडलीही नाही. पोराचा लोंबता पाय तळहातावर तोलून ती म्हणाली,

"आबासाहेब, तुमच्या नातवाला बी माझ्या लेकरासंगंच पाजलाय डोस. त्याच फ्रिजातला. त्याला ताप तर न्हाई ना आला? सांगा की."