इतर औषधे : नाही

बॉबिनच्या डब्यात बॉबिनीच होत्या. सुनेने डबा उपडा केला, भरला, पुन्हा उपडा केला. गोळ्यांची पट्टी नव्हती.

“चपला घाल,” सासू दारातून म्हणाली. “दवाखान्यात जायचंय.” तिची मूठ आवळलेली होती.

सुनेने डबा तसाच टाकून चपला घातल्या. कपड्यांच्या कारखान्यात वर्षभरात ती कटिंगमास्तर होणार होती. पोटुशी बाई कटिंगच्या टेबलाशी नको, असं मालकाने हसत हसत सांगून ठेवलं होतं. अशी माणसं हसतच सांगतात. म्हणून ती चोरून, एकही दिवस गोळी न चुकवता, पाळणा लांबवत होती. नवऱ्यालाही पत्ता नव्हता.

सासू रस्ताभर दहा पावलं पुढेच चालली. तीन महिन्यांपूर्वी सुनेला टीबी निघाला, तेव्हापासून सासू रोज डोक्यावर बसून औषध गिळायला लावी. “लघवी लाल झाली म्हणून घाबरू नकोस. तुझी धाकटी नणंद व्हायच्या आधी मीही गिळलंय हेच. मला शिकवू नकोस.”

दवाखान्यात सासूने रांग मोडली आणि मुठीतली पट्टी सिस्टरच्या टेबलावर आपटली.

सिस्टरने पट्टी पाहिली, मग सुनेकडे पाहिलं. “मावशी, घरातलं भांडण घरात मिटवा.”

“हिचं टीबीचं कार्ड काढा.”

कार्ड निघालं. सासूने एका ओळीवर बोट ठेवलं. इतर औषधे : नाही.

“हे खोटं कुणी लिहिलं?”

आता सुनेचंही डोकं फिरलं. चोरासारखं किती दिवस जगायचं?

“मी घेते त्या गोळ्या,” ती म्हणाली. “मूल मला आत्ता नकोय. काय करायचं ते करा.”

“तू गप्प बस. सिस्टर, हिला विचारलं होतंत का तुम्ही?”

“सगळ्यांचं तसंच भरतो आम्ही.”

“म्हणजे टीबीच्या औषधापुढे ह्या गोळीचं काही चालत नाही, हे हिला कुणीच सांगितलं नाही.” सासू म्हणाली. “मलाही नव्हतं सांगितलं. माझी पट्टी पिठाच्या डब्यात असायची. दोन्ही गोळ्या चालू असतानाच धाकटी पोटात राहिली.”