बंदूक दिल्लीला निघाली

"बॅगेत हत्यार वगैरे काही?" काउंटरवरच्या मुलीनं सवयीनं विचारलं.

"आहे ना! बारा बोरची, डबल नळीची," नरसिंग असा काही मोठ्यानं बोलला की रांगेतल्या चारजणांनी माना लांब केल्या.

मुलगी दचकली. पण परवाना नरसिंगच्या हातात तयारच होता. तिनं फोन फिरवला आणि फौजदारसाहेब आले. धाकटा भाऊ सोनाजी भेटीचा पास काढून आत आला होता, तो बंदुकीची लांबट पेटी उराशी धरून मागं उभा. अख्खं औरंगाबादचं विमानतळ आपल्या दादाकडं बघून राहिलंय असं त्याला वाटलं आणि त्याच्या पोटात दुखलं. खोटं कशाला सांगा, पुसेगावहून निघाल्यापासून ते दुखतच होतं.

दुखणार नाही तर काय! बाप होता तोवर तुरीच्या रानात माळ्यावर त्याच्या शेजारी बसून डुकरं हाकलली ती सोनाजीनं. बंदुकीला तेलपाणी केलं ते सोनाजीनं. बाप गेला आणि परवाना झाला दिल्लीत नोकरी करणाऱ्या थोरल्याच्या नावावर. आता म्हणे बैठकीच्या भिंतीला टांगायची. दिल्लीत काय तुरीत डुकरं येतात?

फौजदारानं बंदूक बिजागरीतून उघडली, उजेडाकडं धरून नळीतून पाहिलं आणि खूश झाला.

"वा! नळी आरशासारखी ठेवलीय. कोण साफ करतं?"

"मीच," नरसिंग म्हणाला. जीभसुद्धा अडखळली नाही गड्याची.

सोनाजीचे कान तापले. फौजदारानं काडतुसं मोजली, कागदावर आकडा लिहिला, नरसिंगची सही घेतली. पेटीला कुलूप लागलं, चिठ्ठी लागली आणि पेटी पट्ट्यावरून आत निघून गेली. सोनाजी रिकाम्या हातांकडं बघत राहिला.

मोजणीत एक काडतूस नव्हतं, आणि ते कुठं आहे हे तिथं फक्त सोनाजीला ठाऊक होतं. ते नरसिंगच्या खांद्यावरच्या पिशवीत होतं, धपाट्यांच्या फडक्यात. सकाळी निघताना आईनं, नर्मदाबाईनं, एक काडतूस देवापुढं ठेवलं, त्याला कुंकू लावलं, अंगारा लावला आणि धपाट्यांसोबत गाठ मारून टाकलं.

"देवापुढलं हाय. लेकराच्या अंगासंगं ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "दादाला सांग बरं तेवढं."

सोनाजी 'व्हय' म्हणाला होता. सांगणारही होता बिचारा. पण दादा जीपमध्ये पुढं बसला आणि बंदूक कशी धरावी हे ड्रायव्हरला जिंतूरपर्यंत शिकवत राहिला. तेव्हा सोनाजीची जीभ उचलली नाही. आणि आता तर दादा म्हणे, 'मीच साफ करतो'! सापडू दे, त्यानं मनात म्हटलं. जाऊ दे परवाना. बंदूक सरकारजमा झाली तर झाली. मला न्हाई तर कोणालाच न्हाई! हा विचार त्याला गुळासारखा गोड लागला.

नरसिंग तपासणीच्या रांगेत जाऊन उभा राहिला. सोनाजी दोरीच्या अलीकडं थांबला. रांगेत पुढं एक धोतरवाले आजोबा अडले होते, त्यांच्या पिशवीत अडकित्ता निघाला.

"अहो, सुपारी कातरायचा हाय तो!"

जवानानं पिशवी टेबलावर पालथी केली. धोतर, बंडी, औषधाच्या बाटल्या, सगळं चारचौघांत मांडलं गेलं. सोनाजीला हसू आलं.

"किसने रखा बैग में?" जवानानं विचारलं.

"बायकोनं."

"नाम बोलो उसका," म्हणत जवानानं वही ओढली.

सोनाजीचं हसू जागच्या जागी मेलं. अडकित्त्याला एवढं, तर काडतुसाला किती! आणि त्या वहीत नाव कोणाचं चढेल? आईचंच की! नरसिंगच्या पुढं आता एकच माणूस उरला होता.

"दादा!" तो ओरडला. "मागं ये! दादा, आधी मागं ये!"

नरसिंग कपाळाला आठ्या घालून रांगेतून बाहेर आला. "काय झालं रे? लोक बघून राहिलेत."

सोनाजीनं त्याच्या कानाला लागून सांगितलं. नरसिंगनं फडक्याची गाठ सोडली आणि कुंकवाचं काडतूस बघून त्याचं तोंड पांढरंफटक पडलं. दोघं धावतच फौजदाराकडं गेले. फौजदारानं दोघांना चांगलंच फैलावर घेतलं, लिहून घेतलं, काडतूस जमा केलं.

"नशीब समजा, इथंच सांगितलंत," तो म्हणाला. "पुढं मशीनमध्ये दिसलं असतं तर विमान ऱ्हायलं असतं, अन् बंदूकही."

दोरीपाशी परत आल्यावर नरसिंगनं सोनाजीच्या खांद्यावर हात ठेवला.

"वाचवलंस लेका आज." मग त्यानं सोनाजीकडं नीट पाहिलं. "पण तुला कवा कळलं?"

आत्ताच आठवलं, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. सोनाजीनं दादाच्या तोंडाकडं पाहिलं आणि त्याला खोटं बोलवेना.

"सकाळपासून," तो म्हणाला. "आईनं तुला सांग म्हणून सांगितलं होतं."

खांद्यावरचा हात निघाला. नरसिंगनं पिशवी उचलली.

सोनाजी पाया पडायला वाकला. तोवर पाय पुढं निघून गेले होते.