सात नंबरचा केसपेपर

प्राध्यापिकाबाईंनी सात नंबरच्या खाटेवरच्या रुग्णाचा केसपेपर धडा वाचावा तसा संथपणे, मोठ्याने वाचायला घेतला, तेव्हाच मोठ्या डॉक्टरबाईंच्या कपाळावर आठी पडली.

सात नंबरच्या गर्भाशयात गाठी होत्या. रक्त जायचं थांबत नव्हतं, हिमोग्लोबिन सहावर आलं होतं आणि ऑपरेशनला ती नको म्हणत होती. मोठ्या डॉक्टरांचं म्हणणं, नवऱ्याला बोलवा, दटावा, पण सही घ्या. डोळ्यांदेखत मरू द्यायचं का? धाकट्या डॉक्टरचं म्हणणं, शरीर तिचं, नकारही तिचा. दोघी हमरीतुमरीवर आल्या, तेव्हा केसपेपर बाहेरच्या नजरेने वाचायला हॉस्पिटलने कॉलेजात साहित्य शिकवणाऱ्या या बाईंना बोलावलं. आता कविता म्हणून रक्त थांबवणार, असं मोठ्या डॉक्टर सकाळीच नर्सला म्हणाल्या होत्या.

वाचून झाल्यावर प्राध्यापिका म्हणाल्या, "चार पानं आहेत. 'समजावून सांगितले' अकरा वेळा आलंय. 'विचारले' एकदाही नाही."

अकरापैकी सात मोठ्या डॉक्टरांच्या अक्षरात होती. बाकीची धाकटीच्या. धाकटी प्राध्यापिकांकडे बघतच राहिली. अशी ती पूर्वी, दोघींनी मिळून केलेल्या पहिल्या अवघड बाळंतपणानंतर, मोठ्या डॉक्टरांकडे बघायची. मोठ्या डॉक्टरांच्या पोटात दुखलं. सहा वर्षं हाताला धरून शिकवलं आपण, आणि हिने चष्मा लावून दोन शब्द मोजले तर पोरगी हिची झाली.

फोन आलाय असं काहीतरी पुटपुटून त्या उठल्या आणि वॉर्डचा जिना चढल्या. ती बाई वर पोचायच्या आत आपण पोचायचं, एवढंच डोक्यात होतं.

सात नंबरपाशी स्टूल ओढून बसल्या. एरवी त्यांचा राउंड उभ्या उभ्याच व्हायचा. धाप आवरत त्यांनी विचारलं, "ऑपरेशन नको म्हणता, ते का?"

सात नंबरने आधी त्या स्टुलाकडे बघितलं. मग तिने सांगितलं. सासू दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली. तिला उचलून बसवायचं, कुशीवर वळवायचं ते हिनेच. परका हात ती अंगाला लावू देत नाही. नवरा फिरतीवर. ऑपरेशननंतर दोन-तीन महिने वजन उचलायचं नाही, हे शेजारणीकडून कळलं होतं.

"तेवढ्यात त्यांच्या पाठीला जखमा होतील," ती म्हणाली. "मग मी वाचून काय करू?"

सासूला इथेच आणू, तुमच्या शेजारच्या खाटेवर ठेवू, पुढच्या महिन्यांचंही बघू, असं डॉक्टर म्हणाल्या. सात नंबर लगेच हो म्हणाली नाही, पण नाहीही म्हणाली नाही.

"आज कसं सुचलं हो विचारायला?"

खोटं बोलणं सोपं होतं. "खाली एक बाई आल्यात," डॉक्टर म्हणाल्या. "त्यांच्या लक्षात आलं."

"मग त्यांनाच पाठवा ना वर. अजून थोडं सांगायचंय."

डॉक्टरांनी स्टूल आणखी पुढे ओढलं.

"मला सांगा की," त्या म्हणाल्या.