साहेबी भाषेची वही

निवृत्तीच्या दिवशी हेडक्लार्क अण्णांनी खुर्चीबरोबर एक वहीही माझ्या हवाली केली. तीस वर्षांत पाहिलेल्या साहेबलोकांच्या बोलण्याचे खरे अर्थ तिच्यात टिपलेले होते. 'बघतो' म्हणजे नाही. 'अर्जंट' म्हणजे महिनाभर साहेबांच्याच टेबलावर पडून असलेलं. 'आपण करू' म्हणजे तुम्ही करा. 'येत जा अधूनमधून' म्हणजे सुटलो एकदाचे.

"पाठ करा बाई, कधी फसणार नाही," अण्णा म्हणाले.

संध्याकाळी निरोपाच्या भाषणात साहेबांनी अण्णांचा हात हातात घेतला. "अण्णा, तुमच्याशिवाय ऑफिस सुनं वाटेल हो. येत जा अधूनमधून."

अण्णांनी डोळे पुसले, माझ्याकडून वही मागून घेतली आणि त्या शेवटच्या नोंदीवर स्वतःच्या हाताने काट मारली.

सोमवारी दहाच्या ठोक्याला स्वारी डबा घेऊन हजर! साहेब म्हणाले, "अरे वा, अण्णा! बसा, आलोच."

मी हळूच वही उघडली. 'आलोच' म्हणजे मागच्या दाराने घरी गेले.

पाच वाजता सगळे उठले. मी म्हटलं, "अण्णा, निघायचं ना?"

"तुम्ही व्हा पुढे, बाई. साहेब 'आलोच' म्हणालेत."