जवळ येऊ दे

डुक्कर तिसऱ्या वरंब्यावर आलं, तरी पुंडियानं धनुष्याची दोरी ओढली नाही.

"मारा की आता," केळीच्या बुंध्याआड त्याच्या पाठीला चिकटून बसलेला यालो कुजबुजला. यालो हा बायकोचा भाऊ. स्वतः बाण मारण्यापेक्षा दुसऱ्याला मारायला सांगण्यात त्याचा हात धरणारा आमच्या डोंगरात झाला नाही. "कुशी समोर आहे, दाजी. एवढी रुंद, की माझी सासूसुद्धा मारील."

"जवळ येऊ दे."

रेमे नवऱ्याच्या शेजारी उकिडवी बसून आपला रताळ्यांचा मळा बघत होती. डुक्कर मुस्काट खुपसून एकेक रताळं असं काढत होतं, जणू त्यानंच लावलं होतं. वारा त्याच्याकडून यांच्याकडे येत होता, त्यामुळं चावण्याचा आवाज आणि घाण वास दोन्ही फुकट मिळत होतं.

डुकराच्या खांद्यात एक बाण उभा होता. तो पुंडियाचाच. वर बांधलेला पिवळ्या वाकाचा धागा त्याचा, गाठ त्याची. आंधळ्यानं हात लावला तरी ओळखावी. खांदा धरल्यापासून पुंडियाला धनुष्य पुरतं ओढवत नसे. त्यावर त्यानं डोकं चालवलं होतं, की जोर कमी तर बाणही हलका करू. बोरू घेतला वाळका, पोकळ. पुढं काळ्या ताडाचं लाकूड लावलं ते काडीएवढं. बाण सुटला तो असा सुसाट, की वाटेत दोन पोपट मागे पडले म्हणतात. लागलाही नेमका. पण बोटभर शिरला आणि दमला. डुकरानं मान वळवून बघितलं, डास आहे की पाहुणा, आणि चालू पडलं. तेव्हापासून ते मुखियासारखं तुरा खोचून गावभर हिंडत होतं.

हिंडेना का. पण बाण ज्याचा त्याचं जनावर, आणि जनावर ज्याचं त्यानंच त्याची नासाडी भरून द्यायची, असा आमच्याकडचा रिवाज. ज्या बाईचा मळा उकरला जाई, ती रिकामी झोळी घेऊन पुंडियाच्या दारात उभी. भरून देई रेमे. देता देता तिच्याकडं हा एवढाच पट्टा उरला होता. बरं, डुक्कर मेलंच, तरी आपल्या शिकारीचं मांस आपण खायचं नाही, हाही रिवाजच. "रताळी दाजींची, डुक्कर आपलं," यालो सांगत सुटायचा. "असा दाजी सगळ्यांना मिळो."

आज पुंडियाच्या हातात बाण होता तो अगदी उलटा. पुढचं निम्मं अंग भरीव काळ्या ताडाचं, त्यावर तळव्याएवढं रुंद बांबूचं पातं. केळीवर मारून बघितला, तर जवळून आरपार. जरा लांबून मारला, की मध्येच नाक खाली घालून मातीत. "हा सोडून घरी जावं, जेवावं, मग बघायला यावं पोचला का ते," असं यालो म्हणाला होता. पण पोचला की थांबत नाही, एवढं पुंडियाला कळलं होतं. फक्त जनावर इतकं जवळ हवं, की त्याचा श्वास ऐकू यावा. आणि डुकराला जवळ यायला वाट एकच होती. रेमेच्या वरंब्यांवरून, खात खात.

आणखी एक वरंबा गेला.

"पोट भरलं की वळेल ते, दाजी. मग बसा."

त्याच्या अलीकडचाही गेला. रेमेनं डोळे मिटून घेतले. ते बघून पुंडिया डगमगला. इथूनच सोडावा. बाण पडेल मातीत, पण डुक्कर पळेल. निदान उरलेलं तरी वाचेल. त्यानं दोरी थोडी ताणली.

रेमेनं डोळे न उघडता त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि दाबला.

"घाई करू नको, म्हाताऱ्या. खाऊ दे."

शेवटच्या वरंब्यावर डुक्कर आडवं वळलं, तेव्हा त्याच्या पापण्यांवरचा चिखल दिसत होता. पुंडियानं खांदा जाऊ देईल तिथवर दोरी ओढली आणि मग बोटभर आणखी. बाण निघाला तो जेवायला बोलावलेल्या व्याह्यासारखा, सावकाश. पुंडियाला तो जाताना दिसला. पातं बरगडीमागं शिरलं, मागोमाग काळं लाकूड शिरलं, मग बोरूही. डुकरानं दोन पावलं टाकली, खाली बसलं आणि कलंडलं.

यालो टुणकन कुंपणावर चढला. तोंडाशी हात धरून त्यानं अशी आरोळी ठोकली, की पलीकडच्या दरीतली कुत्री भुंकायला लागली. "मारलं! आम्ही मारलं!" खालून बायकांनी हाकेला हाक दिली. झोळ्या घेऊन त्या चढण चढू लागल्या.

रेमेनं डुकराकडं बघितलंसुद्धा नाही. ती थेट वरंब्यात शिरली आणि उकरलेली माती मुठीत घेऊन चुरली.

"उकरलंय मात्र झकास मेल्यानं," ती म्हणाली.

तुडवलेल्या वेलांचे शेंडे तिनं खुडले आणि निम्मे नवऱ्याच्या ओंजळीत ठेवले. रताळी लावणं हे बायकांचं काम; पुरुषाच्या हातात वेल दिसला, तर त्याच्यावर गाणी होतात. पुंडियानं एकदा कुंपणावरच्या मेहुण्याकडं बघितलं, चढणीवरच्या बायकांकडं बघितलं, गुडघे टेकले आणि पहिला शेंडा मातीत खोचला.

"इतका खोल नको," रेमे म्हणाली.